पाणवठ्यावरचे वामनकाका

शुक्रवार होता, म्हणून शाळा साडेअकराला सुटली आणि मी नेहमीसारखी दुबईतल्या अल मनखूलला आईबाबांकडे गेले. दार उघडता उघडता बाबा म्हणाले, "वामनकाका आलेत. किंवा बंडूमामा. हात धू आणि बस."

वामनकाका हे बाबांचे सगळ्यांत धाकटे काका. वय शहाऐंशी, मुक्काम ठाणे, डोक्यावर एक केस नाही. बंडूमामा हा आईचा भाऊ, तोही ठाण्यातच. पण आलं होतं ते या दोघांपैकी कोणी नव्हतं. तो टांझानियातला एक रानरेडा होता, वजन अंदाजे सातशे किलो, आणि मंगळवारी संध्याकाळी पाच चाळीसला तो सात नंबरच्या पाणवठ्यावर पाणी प्यायला होता. बाबांच्या लॅपटॉपवर त्याचा फोटो होता. प्रश्न एवढाच होता, की तो कोणता रेडा.

"आधी थालीपीठ," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रेडे काही पळून जात नाहीत."

"अगं, रेडेच पळून जातात, मंजुषा. थालीपीठ जागेवर असतं."

"गार होतं ते. रेडा गार झाला तरी चालतो."

"तेवढ्याचसाठी तर लोक इथून विमानाने जातात," बाबा म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

बाबांची कंपनी बर दुबईत, खाडीपासून दोन गल्ल्या आत. खालच्या दुकानात तंबू, गाद्या आणि कोळशाच्या शेगड्या विकायच्या, वरच्या ऑफिसातून आफ्रिकेतल्या शिकारीच्या सहली काढायच्या. बाबा तिथे लागले ते परवान्यांचे कागद बघायला. त्याच सुमाराला मालकांनी, म्हणजे बू सुलतान यांनी, टांझानियातल्या आपल्या कॅम्पभोवती झाडांना कॅमेरे बांधून घेतले. हे कॅमेरे समोर काही हललं की आपोआप फोटो काढतात. 'काही' यात गवतही येतं. दर आठवड्याला कॅम्पची मॅनेजर झुबेदा जीपमधून फिरून सगळ्या कॅमेऱ्यांतली कार्डं काढायची आणि फोटो दुबईला पाठवायची. दहा हजार फोटो असले तर नऊ हजार गवताचे, पाचशे माकडांच्या बुडाचे, दोन-तीनशे कॅमेरा चावून बघणाऱ्या तरसाच्या घशाचे. उरलेल्यांत रेडे. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकेक आठवडा हे काम करून बघितलं आणि सोडलं. बाबांनी ते अकरा वर्षं केलं.

काम असं: कोणता रेडा कोणत्या पाणवठ्यावर किती वाजता येतो हे फोटोंवरून काढायचं, आणि त्यातला म्हातारा कोण ते ठरवायचं. म्हातारा म्हणजे कळपातून बाहेर पडलेला, एकटा हिंडणारा, ज्याचे दात झिजलेत आणि ज्याच्यापासून आता वासरं होणार नाहीत. गिऱ्हाइकाने मारायचा तो तेवढाच. तरुण रेडा मारला तर कळप मोडतो. झुबेदा या बाबतीत इतकी कडक होती, की एका श्रीमंत गिऱ्हाइकाच्या हातातून तिने बंदूक काढून घेतली होती आणि त्याला जेवायला पाठवलं होतं.

बाबांनी स्वतः कधी बंदूक हातात धरली नाही. उन्हाळ्यात इथली मांजरं सावलीसाठी गाड्यांच्या बॉनेटखाली जाऊन झोपतात, म्हणून गाडी सुरू करण्याआधी ते बॉनेटवर दोनदा टकटक करायचे आणि मांजराला बाहेर यायला पुरेसा वेळ द्यायचे. मी कधी या कामावरून टोचलं, की म्हणायचे, "मी कुणाला मारत नाही, शुभे. मी फक्त कोण कोण आहे ते लिहून ठेवतो."

"चित्रगुप्तही हेच म्हणत असेल."

"त्याला इन्शुरन्स नाही. मला आहे, फॅमिलीसकट."

कॅम्पने रेड्यांना नंबर दिले होते. बाबांना नंबर लक्षात राहत नसत, नातेवाईक राहत. कपाळावर जिथे दोन शिंगं एकत्र येतात तिथे तरुण रेड्याला केस असतात, मधोमध भांग पाडल्यासारखे. वय होतं तसे ते झडतात आणि शिंगांचा जोड टकलासारखा उघडा, टणक होतो. टक्कल म्हटल्यावर वामनकाका आलेच. मग एक अप्पा झाले, एक तात्या झाले, कळपाच्या पुढे चालून सगळ्यांना चुकीच्या वाटेने नेणारी एक म्हैस होती, तिचं नाव ठेवलं कुमुदआत्या. बंडूमामाचं नाव ठेवलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही.

"माझ्या भावाला रेडा म्हणता?"

"नाही. रेड्याला तुझा भाऊ म्हणतो. मान कुणाचा वाढला ते बघ. आणि माझ्याकडचे सात आहेत, तुझ्याकडचे तीन. मी समतोल ठेवलाय."

आता माझं सांगते. कंपनीत एक नियम होता. रेडा म्हातारा ठरवायचा तर दोन माणसांनी तो वेगवेगळा बघून, एकमेकांशी न बोलता, एकच नाव घ्यायला हवं. दोघांचं जुळलं नाही तर त्या रेड्याला त्या वर्षी सोडून द्यायचं. याला ते 'दूसरी नज़र' म्हणत. आधी ही दुसरी नजर ऑफिसातल्या एकाची होती. तो तीन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. बाबांनी बू सुलतानना सांगितलं, माझी मुलगी आहे, शाळेत लायब्ररियन आहे, तिची नजर बारीक आहे. त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप माझ्याकडे वळवला, स्वतः समोर बसले आणि ओठ मिटून घेतले.

स्क्रीनवर दोन रेडे होते. दोन्ही काळे, दोन्ही पासपोर्टच्या फोटोला उभे राहिल्यासारखे. मला त्यांच्यात काडीचा फरक दिसेना. मी एकावर बोट ठेवलं. बाबा आपले जेवत होते. मी बोट दुसऱ्यावर नेलं, तशी त्यांची डावी भुवई किंचित वर गेली आणि तोंडातला घास चावायचा थांबला.

"हा," मी म्हटलं. "अप्पा."

बाबांनी टेबलावर थाप मारली. "मंजुषा! पोरीला नजर आहे!"

तेव्हाच सांगता आलं असतं. थट्टेत सांगून मोकळी झाले असते. पण बाबा इतके खूश झाले होते, की म्हटलं पुढच्या शुक्रवारी सांगू. पुढच्या शुक्रवारी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बू सुलताननी माझ्यासाठी खजुराचा डबा पाठवला. खजूर खाल्ल्यावर तर बोलायची सोयच राहिली नाही.

असे तीन वर्षांत दीडशेच्या आसपास शुक्रवार झाले. मी एकदाही चुकले नाही, कारण बाबा चुकत नसत, आणि मी बाबांना बघत होते. न बोलणं म्हणजे काही न सांगणं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्यांना पत्ते खेळताही येत नसत, याच कारणाने.

तर त्या शुक्रवारी सात नंबरच्या पाणवठ्यावर जो कोणी होता, तो डोक्यापासून खांद्यापर्यंत चिखलात लोळून आला होता. टक्कल की भांग, काही दिसत नव्हतं. वामनकाका आणि बंडूमामा या दोघांचेही डावे कान फाटके. वामनकाका असेल तर म्हातारा. बंडूमामा असेल तर कळपाचा बाप, वय सात.

"मेकअप करून आलाय," बाबा म्हणाले. "सांग. मी गप्प."

मी फोटो बघितल्यासारखं केलं. मग बाबांकडे बघितलं. ते थालीपीठाला ठेचा लावत होते.

"बंडूमामा…" मी सावकाश म्हटलं. ते जेवत राहिले. "…असं पहिल्यांदा वाटतं. पण…"

त्यांचा घास थांबला. डोळे बारीक झाले, हात ताटावरून उचलला गेला आणि अर्धा क्षण तसाच राहिला.

"वामनकाका," मी म्हटलं.

"नक्की?"

"शंभर टक्के."

बाबा पाणी प्यायले. मग त्यांची हिरवी वही ओढून तिच्यात काहीतरी लिहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. "ठेचा भलताच झालाय आज," ते म्हणाले.

"मिरच्या रोजच्याच आहेत," आई म्हणाली. "तुम्ही चमच्याने खाताय."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा बाबा खाली पार्किंगपर्यंत आले आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर टकटक केली. मांजर नव्हतं. मी शारजाला घरी गेले.

शनिवारी सकाळी बाबा खालच्या ग्रोसरीत दही आणायला गेले. वर परत आले नाहीत. दुकानातल्या मलबारी भाऊंनी ॲम्ब्युलन्स बोलावली, ती सात मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणखीही बरंच काही म्हणाले, ते आईने ऐकलं आणि मी लिहून घेतलं.

पुढचे दिवस कागदांचे होते. बू सुलतान यांनी त्यांचा माणूस दिला, त्याने आम्हाला एकाही रांगेत उभं राहू दिलं नाही. जेबेल अलीच्या स्मशानात सगळं झाल्यावर आम्ही गाडीने परत निघालो. मग आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "निदान वाहन तरी ओळखीचं असेल."

मला कळायला जरा वेळ लागला. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि गाडी हळू केली.

आठव्या दिवशी ठाण्याहून वामनकाकांचा फोन आला.

"शुभ्रा, विष्णू माझ्या आधी गेला. हा काय चावटपणा?"

"हो ना, काका."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बरं, माझ्या रेड्याचं काय? विष्णू दर जूनमध्ये, शिकारीची यादी ठरली की फोन करायचा. काका, यंदाही तुम्ही वाचलात, म्हणायचा. या वर्षी फोन नाही आला."

"बघते, काका."

"बघ. घाई नाही. पण मेलो असेन तर सांग, इथे दोघा-तिघांना कळवायला लागेल."

त्या दुपारी मी बाबांची हिरवी वही उघडली. वही मराठीत होती. बू सुलतानना त्यातलं अक्षर कळत नसे, ते फक्त प्रत्येक नोंदीपुढे दोन टिका आहेत का ते बघत. एक बाबांची, एक माझी. मी आधीची पानं वाचली. 'तात्या, तीन नंबर, पहाटे. मान धरलीये, लंगडतात. शुभ्राचंही तेच.' 'कुमुदआत्या पुन्हा चुकली, कळप चिखलात.' मग शेवटचं पान, त्या शुक्रवारचं.

'सात नंबर. चिखल. मला बंडू वाटतो. शुभ्रा वामनकाका म्हणते, आणि शंभर टक्के म्हणते. पोरीची नजर आता माझ्यापेक्षा चांगली. वामनकाका ठरले.'

पुढे दोन टिका.

मी वही मिटून ठेवली आणि भांडी घासली. मग परत उघडली. मजकूर तोच होता.

नियमाप्रमाणे दोघांचं जुळलं नाही तर रेडा सोडून द्यायचा होता. अकरा वर्षांत बाबांनी तो नियम एकदाच मोडला, माझ्या शब्दावर. आणि माझा शब्द म्हणजे त्यांचाच थांबलेला घास. तो घास कशाने थांबला ते मला माहीत नव्हतं. ठेच्याने असेल. किंवा दुसऱ्या दिवशी ग्रोसरीत जे झालं त्याची ती सुरुवात असेल. रेड्याने थांबला नव्हता एवढं वहीत लिहिलेलं होतं.

बू सुलतान यांचा फोन विसाव्या दिवशी आला. त्यांचं हिंदी लहानपणापासूनचं, बर दुबईच्या गल्लीतलं. "शुभ्रा, माफ करना, तकलीफ दे रहा हूँ. अगले गुरुवार को कस्टमर जाता है. पहला हफ्ता है सीज़न का. बाबा का किताब चाहिए. सोमवार को आओगी? भाभी को भी लाना, चाय पिएँगे."

सोमवारपर्यंत चार दिवस होते. मी लायब्ररियन आहे. पुस्तकाने सुटत नाही असा प्रश्न असतो हे मला मनापासून कधी पटलेलं नाही. मी रानरेड्यांवरची तीन पुस्तकं मिळवून वाचली. दात, खूर, शिंगांची वाढ, सगळं वाचलं, टिपणं काढली. मग बाबांचा लॅपटॉप उघडून वामनकाकांचे आणि बंडूमामांचे जुने मिळून चारशे बारा फोटो बघितले, आणि मग सात नंबरचा. पासपोर्टचे फोटो. मी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. मग पुन्हा फोटोकडे.

शेवटी आईला बोलावलं. "तुला काय वाटतं?"

आईने चष्मा लावला. "हा ना? बंडूच आहे. बघ ना, कसा खांदे पाडून उभा आहे. लहानपणी भाजी आणायला पाठवला की असाच उभा राहायचा."

"आई, हा खरा रेडा आहे."

"मग मला कशाला विचारतेस? तूच ना यातली तज्ज्ञ." आणि ती तिच्या कामाला निघून गेली. आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

सोमवारी आम्ही ऑफिसात गेलो. बू सुलतान उठून उभे राहिले. साठीचा माणूस, अंगात पायघोळ, पांढरीशुभ्र कंदोरा, त्यावर पेनाचा एक निळा डाग. आईपुढे त्यांनी चहाबरोबर इतकी बिस्किटं ठेवली, की ती म्हणाली, "एवढ्यात लग्न लागेल हो एखादं." त्यांना ते मी हिंदीत सांगितलं, तर ते म्हणाले, "इन्शाल्ला, शुभ्रा का."

"हे बघ," आई मला म्हणाली, "यांनासुद्धा काळजी आहे."

टेबलावरच्या स्क्रीनवर झुबेदा दिसत होती, मागे तंबू, डोक्याला रुमाल. तिचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी कच्छमधून झांझिबारला गेलेलं, म्हणून ती मला शुभ्राबेन म्हणायची. "शुभ्राबेन, विष्णूभाई का सुनकर मैंने कैमरे का कार्ड तीन दिन नहीं निकाला. बोला, भेजूँ किसको?" ती रुमालाच्या टोकाने नाक पुसून लगेच कामाला लागली. "अच्छा. साहब गुरुवार को लैंड होगा. शुक्रवार शाम को सात नंबर पर बिठा दूँ? विष्णूभाई की किताब में क्या लिखा है?"

बू सुलताननी वही उघडली, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "दो टिक है. बाबा का, शुभ्रा का. खलास." मग माझ्याकडे वळले. "सुनो. मैंने सोचा है. ये कुर्सी," बाबांच्या टेबलाकडे हात करून, "किसी और को नहीं देगा. हर कस्टमर को मैं बोलता है, हमारे यहाँ एक बाप-बेटी है, दो नज़र, ग्यारह साल में एक गलती नहीं. अब बेटी है. शुक्रवार को आओ, आधा दिन. शाळा मत छोड़ो."

'शाळा' हा शब्द त्यांनी मराठीत म्हटला. बाबांकडून उचललेला असणार.

आईने माझ्या हातावर हात ठेवला. तिला ते आवडलं होतं, दिसतच होतं. बाबांची खुर्ची, बाबांची वही, दर शुक्रवारी कुणीतरी तिथे बसणार. मला फक्त मान डोलवायची होती. पान मराठीत होतं आणि खोलीत ते वाचू शकणाऱ्या बाईचा चष्मा घरी राहिला होता. शुक्रवारी संध्याकाळी पाच चाळीसला चिखल लावलेला कोणीतरी पाण्यावर आला असता. म्हातारा निघाला असता तर बाबा बरोबर, मी बरोबर. तरुण निघाला असता तर बाबांच्या वहीतली पहिली चूक, बाबांच्या अक्षरात. आणि ती बाबांची नसती.

"पक्का ना, शुभ्राबेन?" झुबेदाने विचारलं. "सात नंबर?"

"नहीं," मी म्हटलं. "सात नंबर पे मत बिठाओ."

"तो कितने पे?"

"पता नहीं. किताब में लिखा है, बाबा को बंडू लगता था. जवान वाला. मैंने ज़बरदस्ती की." पुढचं हिंदी मला नीट जुळेना, तरी बोलत राहिले. दुसरी नजर नव्हतीच, म्हटलं. तीन वर्षं एकच नजर होती, बाबांची. माझी टीक म्हणजे त्यांचीच टीक दोनदा. ते न बोलता समोर बसायचे, मी त्यांची भुवई बघायचे. त्या दिवशी चुकीची बघितली.

 झुबेदा स्क्रीनवर इतकी स्थिर होती, की मला वाटलं नेट गेलं. मग ती म्हणाली, "भुवई?"

"हाँ."

"या अल्ला. और मैंने तीन साल से ट्रैकर लोगों को बोला है, दुबई में एक लड़की है, फोटो देखके रेड्डा का जनमदिन बताती है." आणि ती हसायला लागली. मला अपेक्षा नव्हती. हसता हसता तिने डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली. "ठीक है. सात नंबर बंद. साहब मेरे साथ पैदल चलेगा, अपनी आँख से देखेंगे, माथा साफ दिखा तो ठीक, नहीं दिखा तो घर जाएगा. वैसे भी उसको चलने का ज़रूरत है, मैंने पिछले साल देखा है उसको." आणि तिने फोन ठेवला.

बू सुलतान वहीकडे बघत बसले होते. मी म्हटलं, खुर्चीचं विसरून जा, आणि माफ करा. त्यांनी हात नुसता हलवला. मग विचारलं, "बाबा को मालूम था?"

"नहीं."

"कभी नहीं बोला?"

"नहीं."

"तो मेरे को काहे को बोलती है?" ते म्हणाले. रागावून नाही, एखाद्या पाकिटावर चुकीचा पत्ता बघावा तसं. "मेरा काम हो गया, सात नंबर बंद हो गया. बाकी बात उसका है." बाहेर मशिदीतून असरची अजान सुरू झाली होती. ते उठले, वही बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि जाताना दार हळूच लावून घेतलं.

आम्ही दोघीच राहिलो. आईने एक बिस्किट उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

"मला वाटायचं तुला खरंच आवडतात ते रेडे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना मी एकदा म्हटलंही होतं, पोरीला शुक्रवारी तरी आराम करू द्या. तर म्हणाले, अगं, ती रेड्यांसाठी येते."

"असं म्हणाले?"

"हो. जरा वाईट वाटल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, असू दे, येते ना."

मी उठून बाबांच्या टेबलापाशी गेले. खुर्ची आत सारलेली होती, ती बाहेर ओढली, पण बसले नाही. समोर उभी राहिले, आमच्या घरच्या टेबलावर मी बसायचे त्या बाजूला. आईने पर्स बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसली. 

"बाबा," मी म्हटलं, "मला एकही रेडा ओळखता येत नव्हता. वामनकाका नाही, अप्पा नाही, कुणीच नाही. मी रेड्यांसाठी येत नव्हते, तुमच्यासमोर बसायला येत होते."